साठ सेकंदांतला वेग: ड्रमवादनाच्या स्पर्धेची तयारी कशी करावी

ड्रमवादनातील वेगाच्या स्पर्धेत एकच गोष्ट मोजली जाते, ती म्हणजे साठ सेकंदांत दोन्ही हातांनी आळीपाळीने केलेल्या आघातांची संख्या. इतक्या जलद आघातांची मोजणी कानाने होणे शक्य नसल्यामुळे बू मॅकॅफी आणि क्रेग केस्टनर यांनी ड्रमोमीटर नावाचे यंत्र तयार केले. पॅडवर पडणारा प्रत्येक आघात हे यंत्र टिपते आणि एकूण आकडा दाखवते. ‘वर्ल्ड्स फास्टेस्ट ड्रमर’ ही स्पर्धा याच यंत्राच्या आधारावर उभी राहिली. तिच्यात हातांचा आणि पायांचा गट वेगळा असतो, आणि हातांच्या गटात सिंगल स्ट्रोक, म्हणजे उजवा-डावा-उजवा-डावा, एवढेच चालते. एकाच हाताने लागोपाठ दोन आघात करून किंवा स्टिक पॅडवर थरथरू देऊन आकडा फुगवता येत नाही. जॉनी रॅब यांचे १०७१ आघात, जोटन अफानाडोर यांचे ११९९, माइक मँजिनी यांचे १२०३ आणि टॉम ग्रोसेट यांनी २०१३ मध्ये नॅशव्हिल येथे केलेले १२०८ हे आकडे ओळीने पाहिले, तर वरच्या टोकाला चार-पाच आघातांची वाढही किती मोलाची असते हे लक्षात येते.

हा लेख विक्रम मोडण्याच्या बेतात असलेल्यांसाठी नाही. सिंगल स्ट्रोक नीट वाजवता येतात, मेट्रोनोमची, म्हणजे ठरलेल्या वेगात ठोके देणाऱ्या यंत्राची, सवय आहे, पण एका विशिष्ट वेगापुढे हात आखडतात आणि कितीही सराव केला तरी आकडा हलत नाही, अशा ड्रमरसाठी तो आहे. माझ्या मते वेग वाढवण्याचे काम मुख्यतः वजाबाकीचे आहे. हातांत नवी ताकद भरण्यापेक्षा, हात जी अनावश्यक हालचाल करतात आणि जो अनावश्यक ताण धरून ठेवतात, तो शोधून एकेक करून काढत जावा लागतो.

या म्हणण्याला शास्त्रीय आधारही आहे. जपानी संशोधक शिन्या फुजी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात ड्रम न वाजवणारे लोक, नेहमीचे ड्रमर आणि वेगाच्या स्पर्धेतील एक विजेता यांच्या मनगटाच्या स्नायूंची विद्युत हालचाल मोजली होती. मनगट खाली वाकवणारा आणि वर उचलणारा असे स्नायूंचे दोन गट असतात. विजेत्याच्या हातात हे दोन गट आळीपाळीने काम करत होते, म्हणजे एक आकुंचन पावला की दुसरा सैल पडत होता, आणि त्यामुळे सेकंदाला दहा आघातांचा वेग त्याला एका हाताने स्थिर ठेवता येत होता. इतरांच्या हातांत मात्र वेग वाढू लागला की दोन्ही गट एकाच वेळी आवळले जाण्याकडे कल होता. वेगात हात ‘लॉक’ होतो असे ड्रमर म्हणतात तेव्हा नेमके हेच घडत असते: दोन स्नायू एकमेकांविरुद्ध ओढत असतात आणि स्टिक मधल्या मध्ये अडकते.

आधी मोजणी

सराव सुरू करण्यापूर्वी आपण आज कुठे आहोत हे मोजून लिहून ठेवावे. सोळांशाने, म्हणजे एका ठोक्यात चार आघात या हिशेबाने वाजवले, तर बीपीएमला (मिनिटातल्या ठोक्यांच्या संख्येला) चारने गुणले की मिनिटातले आघात मिळतात. २०० बीपीएम म्हणजे ८०० आघात, २५० म्हणजे १०००, आणि ग्रोसेट यांचे १२०८ आघात म्हणजे ३०२ बीपीएम. याच हिशेबातून आणखी एक सोयीची गोष्ट निघते. पंधरा सेकंदांत जितके आघात होतात, तितकाच त्या पंधरा सेकंदांतला बीपीएम असतो. त्यामुळे एका मिनिटाचे चार भाग पाडून प्रत्येक भागातले आघात मोजले, की आपला वेग कुठे चढला आणि कुठे उतरला याचा आलेख गुणाकाराशिवाय हाती येतो.

ड्रमोमीटर जवळ नसला तरी मोजणी अडत नाही. फोनवर आवाज ध्वनिमुद्रित करून तो एखाद्या साध्या ऑडिओ ॲपमध्ये उघडला, तर प्रत्येक आघाताचे टोक लहरींच्या चित्रात स्पष्ट दिसते. साठ सेकंदांतली सगळी टोके मोजण्याची गरज नाही. पहिल्या, दुसऱ्या, तिसऱ्या आणि चौथ्या भागातील प्रत्येकी दोन-तीन सेकंद मोजले तरी पुरे होतात. याच चित्रात दुसरी आणि अधिक महत्त्वाची गोष्ट दिसते, ती म्हणजे टोकांमधले अंतर. अंतर एकसारखे नसेल आणि टोके जोडीजोडीने जवळ आलेली दिसत असतील, तर एक हात दुसऱ्याच्या मागे फरफटत आहे असे समजावे.

एकूण तीन मोजण्या कराव्यात: दहा सेकंदांचा सर्वाधिक वेग, साठ सेकंदांची एकूण संख्या, आणि प्रत्येक हाताची स्वतंत्र साठ सेकंदांची संख्या. या तिसऱ्या मोजणीकडे बहुतेक जण दुर्लक्ष करतात, पण पुढचा सगळा सराव तिच्यावरच ठरतो. समजा उजव्या हाताने मिनिटाला ५२० आघात होतात आणि डाव्याने ४४०. आळीपाळीने वाजवताना उजव्या हाताला डाव्याची वाट पाहावीच लागते, त्यामुळे या ड्रमरची कमाल मर्यादा ९६० नसून ८८० आहे. उजव्या हाताचे जास्तीचे ८० आघात स्पर्धेत कुठेच मोजले जाणार नाहीत.

पकड, बैठक आणि पॅडची उंची

मॅच्ड ग्रिपमध्ये, म्हणजे दोन्ही हातांच्या सारख्याच पकडीत, स्टिक ज्या बिंदूवर तोलली जाते त्याला फुलक्रम म्हणतात. अंगठा आणि तर्जनी यांच्यामध्ये फुलक्रम ठेवणारे अनेक ड्रमर आहेत, तर काहींना अंगठा आणि मधले बोट यांच्यामध्ये तो अधिक स्थिर वाटतो. दोन्ही प्रकारे उत्तम वेग गाठलेला दिसतो, म्हणून यात बरोबर-चूक ठरवण्यापेक्षा एकच कसोटी लावावी. स्टिक पॅडवर टाकून सोडली असता ती फुलक्रममध्ये मोकळेपणाने सात-आठ वेळा उसळली पाहिजे. दोन-तीन उसळ्यांतच ती थांबत असेल, तर पकड घट्ट आहे किंवा फुलक्रम चुकीच्या जागी आहे. सामान्यतः स्टिकच्या मागच्या टोकापासून साधारण एक तृतीयांश लांबीच्या आसपास हा बिंदू सापडतो, पण स्टिकचा तोल प्रत्येक नमुन्यात वेगळा असल्याने तो स्वतःच शोधून घ्यावा.

तळहात जमिनीकडे असलेली जर्मन पकड, अंगठे वर असलेली फ्रेंच पकड आणि या दोहोंच्या मधली अमेरिकन पकड, यांपैकी कोणती निवडावी हा प्रश्न नेहमी येतो. जर्मन पकडीत मनगट मुख्य काम करते, फ्रेंच पकडीत बोटे करतात. स्पर्धेच्या वेगाला मनगट आणि बोटे दोन्ही लागत असल्यामुळे मधली पकड ही सुरुवातीला सर्वांत सोयीची, आणि पुढे हात आपोआप ज्या बाजूला झुकेल त्या बाजूला त्याला झुकू द्यावे. ट्रॅडिशनल ग्रिपचे, म्हणजे दोन्ही हातांची पकड वेगवेगळी असलेल्या जुन्या पद्धतीचे, विक्रम वेगळे नोंदवले गेले आहेत, त्यामुळे ज्यांचा हात त्या पकडीत घडला आहे त्यांनी ती सोडण्याचे कारण नाही.

बैठकीकडे लक्ष देणे फार आवश्यक आहे. आसन इतके उंच असावे की मांड्या जमिनीला समांतर किंवा किंचित उतरत्या राहतील, आणि पॅड इतक्या उंचीवर असावा की कोपरे शरीराच्या बाजूला सैल लोंबकळत असताना स्टिकची टोके पॅडच्या मध्यावर सहज येतील. पॅड उंच असेल तर खांदे वर चढतात, आणि खांदा वर चढला की ताण कोपरापर्यंत, तिथून मनगटापर्यंत उतरतो. अनेकांना वाटते की आपली बोटे अडखळत आहेत, प्रत्यक्षात अडथळा खांद्यात असतो. वाजवताना दर काही सेकंदांनी खांदे, जबडा आणि करंगळी या तीन ठिकाणी लक्ष न्यावे. ताण सर्वांत आधी याच ठिकाणी येतो आणि सर्वांत उशिरा लक्षात येतो.

उसळीचा वापर

सेकंदाला वीस आघातांच्या वेगात प्रत्येक हाताच्या वाट्याला दहा आघात येतात, म्हणजे खाली जाऊन परत वर येण्यासाठी एका हाताला शंभर मिलिसेकंद मिळतात. या वेळात स्टिक स्नायूंच्या जोराने उचलत बसण्यास सवड नसते. जमिनीवर आपटलेला चेंडू जसा आपला आपण वर येतो, तशी स्टिक पॅडवरून वर येते, आणि ड्रमरचे काम तिला अडवायचे नाही व योग्य क्षणी पुन्हा खाली ढकलायचे एवढेच उरते. हे हाताला शिकवण्यासाठी फ्री स्ट्रोकचा संथ सराव करावा. ६० बीपीएमला प्रत्येक ठोक्यावर एक आघात करावा, स्टिक जिथून निघाली तिथेच ती स्वतःहून परत यावी, आणि दोन आघातांच्या मध्ये हात पूर्ण सैल आहे याची खात्री करून घ्यावी. हा सराव कंटाळवाणा वाटतो, पण वेगात होणारी प्रत्येक चूक संथ गतीतही असते, फक्त तिथे ती दिसते.

वेग वाढत जाताना काम मनगटाकडून बोटांकडे सरकते. ही सरकण्याची जागा प्रत्येकाची वेगळी असते, आणि बहुतेकांचा आकडा नेमका तिथेच अडकतो, कारण मनगट थकेपर्यंत ते मनगटानेच वाजवत राहतात आणि मग बोटांना एकदम कामाला लावतात. उपाय असा की बोटांचा सराव स्वतंत्रपणे करावा. मनगट स्थिर ठेवून, हवे तर दुसऱ्या हाताने ते हलके धरून, मधले बोट, अनामिका आणि करंगळी यांनी स्टिकचा मागचा भाग तळहाताकडे ओढावा व सोडावा. सुरुवातीला आवाज क्षीण आणि असमान येईल. काही आठवड्यांत तो भरू लागतो. त्यानंतर एकाच वेगात आठ ठोके मनगटाने, आठ ठोके बोटांनी आणि आठ ठोके दोन्ही मिसळून वाजवावेत, आणि ऐकणाऱ्याला फरक कळू नये असा प्रयत्न करावा.

सॅनफर्ड मोलर यांच्या नावाने ओळखले जाणारे मोलर तंत्र, ज्यात हात चाबकासारखा फिरवून एका हालचालीत दोन-तीन आघात घेतले जातात, वेगाच्या संदर्भात वारंवार सुचवले जाते. ते शिकावे, कारण हात सैल ठेवण्याची त्याहून चांगली शाळा नाही आणि मध्यम वेगात दीर्घकाळ वाजवताना ते फार उपयोगी पडते. मात्र स्पर्धेत प्रत्येक आघात सारखा आणि उंची कमी हवी असते, तिथे चाबकाच्या मोठ्या हालचालीला जागाच नसते. पुश-पुल आणि जॉनी रॅब यांनी प्रचारात आणलेले फ्रीहँड तंत्र यांची गोष्ट याहून वेगळी. त्यांत एकाच हाताच्या जाण्या-येण्यातून आघात काढले जातात. एका हाताची क्षमता वाढवण्यासाठी त्यांचा सराव चांगला, पण स्पर्धेच्या सिंगल स्ट्रोकमध्ये ते थेट वापरायचे म्हटले तर नियम आधी वाचून घ्यावेत.

स्टिकची उंची हा साधा पण दुर्लक्षित विषय आहे. पॅडपासून दहा सेंटिमीटर वर जाणारी स्टिक तीन सेंटिमीटरवर आणली तर प्रवास एक तृतीयांशाहून कमी होतो. आरशासमोर किंवा फोनवर बाजूने स्लो मोशन चित्रण करून दोन्ही स्टिक्स सारख्याच उंचीवर जातात का ते पाहावे. बहुधा कमजोर हाताची स्टिक जास्त उंच जाते, कारण त्या हाताला नियंत्रणाऐवजी जोर लावण्याची सवय असते. उंची फार कमी करून आघातच हरवू नयेत, कारण यंत्राच्या सेन्सरला जाणवेल इतका स्पष्ट आघात पडलाच पाहिजे.

कमजोर हात

वरच्या हिशेबावरून स्पष्ट आहे की आकडा वाढवायचा सर्वांत जवळचा रस्ता कमजोर हातातून जातो. तरीही बहुतेकांचा सराव दोन्ही हातांनी एकत्र होतो, आणि त्यात चांगला हात चांगलाच होत राहतो. मी असे सुचवीन की किमान दोन महिने हाताच्या एकूण सरावापैकी निम्म्याहून अधिक वेळ केवळ कमजोर हाताला द्यावा.

त्या हाताला शिकवण्याचा उत्तम शिक्षक म्हणजे आपलाच दुसरा हात. चांगल्या हाताने संथ आघात करताना अंगठा कुठे टेकतो, करंगळी स्टिकला किती स्पर्श करते, मनगटाचा कोन किती राहतो, हे बारकाईने पाहावे आणि दुसऱ्या हाताने त्याची हुबेहूब नक्कल करावी. त्यानंतर दोन्ही हातांनी एकाच वेळी, म्हणजे आळीपाळीने न वाजवता एकत्र आघात करावेत. दोन आघातांचा आवाज एक झाला पाहिजे. जरा जरी ‘फ्लॅम’ ऐकू आला, म्हणजे दोन आघात किंचित मागेपुढे पडले, तर कोणता हात उशिरा येतो हे लगेच कळते. हा सराव जितक्या वेगापर्यंत स्वच्छ राहतो, तितक्याच वेगापर्यंत हात खरोखर समान आहेत असे मानावे.

पुढची पायरी म्हणजे कमजोर हाताने आघाडी घेणे. आपण नेहमी उजव्या हाताने सुरुवात करतो आणि ठोक्यावर येणारा आघात उजव्याचा असतो, त्यामुळे लय धरण्याचे काम उजवा हात करतो आणि डावा फक्त मधल्या जागा भरतो. सुरुवात डाव्याने केली की लय धरण्याची जबाबदारी त्याच्यावर येते. पहिल्या काही दिवसांत वेग बराच खाली येतो, आणि तो तसा येऊ द्यावा. आठ ठोके उजव्या आघाडीने, मग मध्ये न थांबता आठ ठोके डाव्या आघाडीने, असे करताना बदलाच्या जागी धक्का जाणवणार नाही इतपत हा सराव न्यावा. डावखुऱ्यांनी अर्थातच हे सर्व उलट वाचावे.

मेट्रोनोम आणि तुकड्यांचा सराव

दररोज मेट्रोनोम दोन बीपीएमने वाढवत जाण्याची पद्धत सर्वांना ठाऊक आहे. ती सुरुवातीच्या ड्रमरला उपयोगी पडते, पण मर्यादेजवळ पोहोचल्यावर तिचा एक तोटा दिसू लागतो. प्रत्येक दिवशी आपण आपल्या ताणाच्या सीमेवरच वाजवत राहतो आणि हाताला ताणासकट वाजवण्याची सवय लागते. म्हणून मर्यादेच्या खूप खाली आणि मर्यादेच्या वर, असा दोन टोकांचा सराव अधिक फळ देतो. खालचा सराव सैलपणासाठी, वरचा सराव मेंदूला त्या वेगाची ओळख होण्यासाठी.

वरच्या वेगाचा सराव तुकड्यांनी करावा. समजा आपण १८० बीपीएमला साठ सेकंद वाजवू शकतो आणि २२० गाठायचे आहे. मेट्रोनोम २२० वर लावावा आणि फक्त पाच आघात वाजवावेत: एका ठोक्यातले चार आणि पुढच्या ठोक्यावर पडणारा पाचवा. पाचव्या आघाताशी हात पूर्ण सैल सोडावा, तीन ठोके थांबावे, आणि पुन्हा पाच. चार आघातांना लागणारा वेळ सेकंदाच्या पावभागाइतका असल्याने ताण जमायला वेळच मिळत नाही, आणि हाताला कळते की हा वेग त्याला शक्य आहे. पाच आघात स्वच्छ झाले की नऊ, मग सतरा, मग तेहतीस. प्रत्येक तुकड्याचा शेवटचा आघात ठोक्यावर नेमका पडतो का, एवढीच कसोटी ठेवावी. तो लवकर किंवा उशिरा पडत असेल, तर तुकडा लांबवू नये.

सतरा आघातांच्या तुकड्यावर बहुतेक ड्रमर अडतात, आणि हे अपेक्षितच आहे. इथपर्यंत हात आधीच भरून ठेवलेल्या जोरावर चालतो. इथून पुढे मात्र वाजवता वाजवता सैल होणे भाग पडते. अशा वेळी वेग कमी करण्यापेक्षा आवाज कमी करून पाहावा. अगदी हलक्या हाताने सतरा आघात जमले, तर अडचण वेगाची नसून जोराची होती हे सिद्ध होते, आणि आवाज हळूहळू वाढवत नेता येतो.

लय पक्की करण्यासाठी एकाच वेगात दुगुन, तिगुन, चौगुन आणि सहापट असे बदल करत वाजवण्याचा सराव जोडावा. ठोका तोच राहतो, त्यात बसणाऱ्या आघातांची संख्या बदलते, आणि हाताला वेग ‘धावण्या’ऐवजी वाटणीच्या रूपात कळू लागतो. ज्यांचा वेग घाईतून येतो त्यांना हा सराव फार जड जातो. त्यांनीच तो सर्वांत जास्त करावा.

एका बैठकीत अशा जोरकस सरावाला वीस ते तीस मिनिटांपेक्षा अधिक वेळ देऊ नये, आणि आठवड्यातून एक-दोन दिवस केवळ संथ सराव करावा. थकलेल्या हाताने घोटलेला वेग ताणच पक्का करतो.

साठ सेकंद टिकणे

दहा सेकंदांच्या वेगावरून साठ सेकंदांचा अंदाज बांधणारे ड्रमर पहिल्या स्पर्धेत निराश होतात. सुरुवात सर्व शक्तीनिशी केली तर पंधरा-पंधरा सेकंदांच्या चार भागांत साधारण २४०, २२०, १९०, १७० असा उतार दिसतो आणि एकूण ८२० होतात. तोच ड्रमर सुरुवातीला हात आवरून चारही भाग २१० च्या स्थिर वेगाने वाजवू शकला, तर ८४० होतात, आणि मिनिट संपताना हात शाबूत राहतो. म्हणून टिकाऊपणाचा सराव करताना आपल्या सर्वाधिक वेगाच्या सुमारे ८५ टक्क्यांवर सुरुवात करावी. पहिले पंधरा सेकंद ‘फार सोपे’ वाटले पाहिजेत.

बांधणी अशी करावी: वीस सेकंद वाजवून चाळीस सेकंद विश्रांती, असे पाच-सहा फेरे. काही दिवसांनी तीस सेकंद वाजवून तीस सेकंद विश्रांती, आणि त्यानंतर पूर्ण मिनिट, मध्ये दोन-तीन मिनिटांच्या विसाव्यासह. आठवड्यातून एकदाच पूर्ण स्पर्धेसारखे मिनिट वाजवून चार भागांचे आकडे नोंदवावेत. श्वास रोखून धरणे ही जवळजवळ सर्वांची खोड असते. आठ ठोके श्वास आत, आठ ठोके बाहेर असे मोजून वाजवण्याचा सराव केला, तर चौथ्या भागातली घसरण स्पष्टपणे कमी होते.

पॅड आणि स्टिक्स यांबद्दल थोडे. रबरी पॅडवर उसळी चांगली मिळते आणि स्पर्धेची तयारी त्यावरच करावी. उशीवर वाजवल्याने मनगटाला प्रत्येक आघात स्वतः उचलावा लागतो, त्यामुळे ताकद वाढते. पण तो सराव काही मिनिटांपुरता आणि संथ ठेवावा, कारण उशीवरचा वेग घट्ट पकडीची सवय लावतो. ५ए आकाराची स्टिक बहुतेकांना पुरते. जाड २बी स्टिकने सराव करून हलक्या स्टिकने स्पर्धा खेळण्याची युक्ती प्रसिद्ध आहे, तथापि स्टिक बदलली की फुलक्रमही बदलतो, त्यामुळे स्पर्धेपूर्वीचे किमान तीन आठवडे फक्त स्पर्धेचीच जोडी वापरावी.

पायांचा गट

पायांच्या वेगाबद्दल स्वतंत्र लेख लागेल. कॅनडाचे टिम वॉटरसन यांच्यासारख्यांनी या गटाला प्रतिष्ठा मिळवून दिली. डबल पेडलवर (बास ड्रम दोन्ही पायांनी वाजवायच्या जोड पेडलवर) बहुतेकांचा अडथळा पूर्ण पाय उचलण्याकडून फक्त घोट्याच्या हालचालीकडे जाताना येतो. मांडीने वाजवण्याचा वेग संपतो आणि घोट्याचा अजून सुरू होत नाही, असा एक मधला पट्टा असतो, आणि त्याच पट्ट्यात संथपणे, टाच किंचित वर ठेवून, रोज दहा मिनिटे वाजवणे हाच उपाय आहे. पाय डावी-उजवीकडे फिरवणारे स्विव्हल आणि एका हालचालीत दोन आघात काढणारे हील-टो ही तंत्रे त्यानंतरची. स्प्रिंग आवळून वेग वाढतो हा समज अर्धाच खरा आहे. स्प्रिंग इतकीच आवळावी की पेडल पायाच्या तळव्याला चिकटून परत येईल, त्याहून अधिक आवळली तर प्रत्येक आघातात तिच्याशी झगडावे लागते.

वेदना

सरावानंतर स्नायूंमध्ये जड थकवा येणे स्वाभाविक आहे. मनगटात, कोपराच्या बाहेरच्या बाजूला किंवा अंगठ्याच्या मुळाशी टोचणारी वेदना, बोटांना मुंग्या येणे, रात्री हात बधिर होणे ही मात्र थांबण्याची खूण आहे. स्नायुबंधांचा दाह आणि कार्पल टनेल (मनगटातली नस दबणे) यांनी अनेक वादकांना महिनोन्महिने वाद्यापासून दूर ठेवले आहे, आणि ही दुखणी सोसून वाजवत राहिल्याने वाढतात. टोचणी जाणवली तर त्या दिवशी स्टिक्स खाली ठेवाव्यात, आणि दोन-तीन दिवसांत ती गेली नाही तर डॉक्टरांना किंवा हातांच्या दुखण्यांचा अनुभव असलेल्या फिजिओथेरपिस्टला दाखवावे. पूर्ण ड्रम सेटवर सराव करणाऱ्यांनी कानांना संरक्षण लावूनच बसावे.

स्पर्धेच्या दिवशी

आपल्या पाळीच्या अर्धा तास आधी हात गरम करायला सुरुवात करावी. थंड खोलीत गरम पाण्याखाली हात धरले तरी फरक पडतो. आधी दहा मिनिटे संथ फ्री स्ट्रोक, मग पाच आणि नऊ आघातांचे काही तुकडे, आणि शेवटी वीस सेकंदांचा एकच सलग प्रयत्न, तोही पूर्ण वेगाच्या खाली. पूर्ण मिनिट सरावात वाजवून टाकू नये. यंत्राचा पॅड आपल्या पॅडपेक्षा वेगळा उसळतो, म्हणून संधी मिळाल्यास त्यावर थोडे वाजवून पाहावे, आणि स्टँडची उंची न लाजता आपल्याला हवी तशी करून घ्यावी.

सुरुवातीची खूण होताच पहिले दहा सेकंद हात आवरणे सर्वांत कठीण असते, कारण शरीरात उत्तेजना असते आणि भोवती आरडाओरडा असतो. त्यासाठी पहिला पंधरा सेकंदांचा भाग कोणत्या बीपीएमने वाजवायचा हे आधीच ठरवून, तो वेग आदल्या आठवडाभर कानात मुरवून ठेवावा. तीस सेकंदांच्या सुमाराला हात जड होऊ लागला, तर वेग न सोडता आवाज आणि उंची कमी करावी. खांदे खाली सोडून एक लांब श्वास बाहेर टाकावा. आकड्याकडे पाहू नये. शेवटच्या दहा सेकंदांत मात्र जे उरले आहे ते सर्व लावावे, आणि लय तुटून दोन्ही स्टिक्स एकत्र पडू लागल्या तर क्षणभर मागे येऊन कमजोर हाताच्या आघातावर लक्ष बांधावे. चांगला हात त्याच्या मागोमाग येतो.

प्रयत्न संपल्यावर एकूण आकड्याबरोबर चारही भागांचे आकडे ध्वनिमुद्रणावरून काढून वहीत नोंदवावेत. पहिला भाग आपल्या सरावातल्या सर्वाधिक वेगापेक्षा फार खाली असेल तर पुढचे दोन महिने तुकड्यांच्या सरावाला द्यावेत. पहिला भाग उत्तम आणि चौथा कोसळलेला असेल तर टिकाऊपणाच्या फेऱ्यांना. चारही भाग सारखे असून एकूण आकडा कमी असेल, तर दोन्ही हात वेगवेगळे मोजून पुन्हा कमजोर हातापासून सुरुवात करावी.